शेगडी नेमकी कोणत्या क्षणी बिघडते?

गॅसची शेगडी नीट चालेनाशी झाली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो "कोणता भाग गेला असेल?" हा. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवे ते असे की, बिघाड नेमका कोणत्या क्षणी दिसतो: बटण फिरवताच, ठिणगी पडताना, बर्नर पेटल्यावर बटणावरचा हात काढताना, आच काही वेळ चालल्यावर, मोठी आच मंद करताना, की शेगडी बंद केल्यानंतर? शेगडीचे काम टप्प्याटप्प्याने चालते आणि प्रत्येक टप्प्यावर मोजके दोन-तीनच भाग कामात असतात. त्यामुळे क्षण निश्चित झाला की संशयित भागांची संख्या आपोआप घटते, आणि निम्म्याहून अधिक वेळा असे लक्षात येते की कोणताही भाग बदलण्याची गरज नाही. काहीतरी तुंबलेले, ओले राहिलेले किंवा जागेवरून सरकलेले आहे.

त्यासाठी बर्नरमध्ये काय घडते हे थोडे समजून घेतले पाहिजे. कॉक उघडल्यावर गॅस एका बारीक छिद्राच्या पितळी जेटमधून वेगाने बाहेर पडतो आणि समोरच्या नळीत शिरताना भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. या नळीत गॅस व हवा मिसळतात, ते मिश्रण बर्नरच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येते आणि तिथे पेटते. जळण्यासाठी लागणाऱ्या एकूण हवेपैकी साधारण निम्मी हवा अशी आधीच मिसळलेली असते. उरलेली ज्योत स्वतःभोवतीच्या मोकळ्या हवेतून घेते. हवेची ही गरज मोठी आहे. एक लिटर मिथेन, म्हणजे नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक, पूर्ण जळण्यासाठी जवळपास साडेनऊ लिटर हवा लागते. सिलिंडरमधील प्रोपेनला सुमारे २४ लिटर आणि ब्यूटेनला सुमारे ३१ लिटर. शेगडीच्या बहुतेक तक्रारी गॅसच्या नसून हवेच्या असतात, असे मी म्हणतो ते या आकड्यांमुळेच.

मात्र एक तक्रार अशी आहे की तिथे तपास, निरीक्षण वगैरे सारे बाजूला ठेवायचे: शेगडी बंद असताना येणारा गॅसचा वास. मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते आणि ते अगदी अल्प प्रमाणातही नाकाला जाणवते. असा वास खोलीत पसरलेला असेल तर विजेचे कोणतेही बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. मुख्य झडप हाताशी असेल तर बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि मदतीसाठीचा फोन बाहेरूनच करावा. इथे दोन गॅसांमधला फरक महत्त्वाचा ठरतो. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि उघड्या खिडकीतून लवकर निघून जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत, ओट्याखालच्या कपाटात किंवा तळघरात साचून राहतो आणि उभ्या माणसाला वास येत नसला तरी खाली पेटण्याजोगे मिश्रण असू शकते. प्रोपेनचे हवेतील प्रमाण दोन टक्क्यांच्या किंचित वर गेले तरी ते पेट घेते. गळती शोधण्याच्या उपकरणाची जागाही यावरूनच ठरते: सिलिंडरच्या गॅससाठी जमिनीजवळ, नैसर्गिक गॅससाठी छताजवळ.

सांध्यांची नेहमीची तपासणी वेगळी. भांडी धुण्याचा साबण पाण्यात कालवून तो फेस रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके आणि शेगडीच्या मागचा सांधा यांवर ब्रशने लावावा. गॅसचा पुरवठा सुरू आणि शेगडीचे कॉक बंद असताना एकाच जागी बुडबुडे फुगत राहिले तर तिथे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधण्याची कल्पना अजूनही काहींना सुचते, म्हणून हे लिहावे लागते: असे कधीही करू नये. रबरी नळीवर बारीक चिरा दिसत असतील, ती कडक झाली असेल किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल, तर गळतीची वाट न पाहता ती बदलावी. चिकटपट्टी गुंडाळणे हा इलाज नव्हे. सिलिंडर संपत आल्यावर पेटत्या शेगडीजवळही वास थोडा उग्र वाटू शकतो, कारण वासाचे द्रव्य गॅसपेक्षा सावकाश उडते आणि तळाशी त्याचे प्रमाण वाढत जाते. तरीही फेसाची तपासणी करूनच तसा निष्कर्ष काढावा.

आता क्षणांकडे वळू. बटण फिरवले आणि "टिक टिक" आवाजच आला नाही, तर गॅसचा इथे काहीही संबंध नाही. प्रश्न केवळ ठिणगीचा आहे. बटण दाबताच एकच जोरदार खटका वाजणाऱ्या शेगडीत दाबविद्युत स्फटिक असतो. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला की विद्युतदाब निर्माण होतो हे प्येर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, आणि आजचे हे खटके त्याच तत्त्वावर चालतात. त्यांना बॅटरी किंवा वीज लागत नाही. सलग टिकटिकणाऱ्या शेगडीत मात्र एक लहान मॉड्यूल असते. त्याला बॅटरीतून किंवा घरच्या विजेतून ऊर्जा मिळते आणि ते काही हजार व्होल्टची ठिणगी तयार करते. म्हणून आधी बॅटरी बदलावी किंवा प्लग पाहावा. सगळ्याच बर्नरांची ठिणगी एकाच वेळी गेली असेल तर दोष वीजपुरवठ्यात किंवा मॉड्यूलमध्ये. एकाच बर्नरची गेली असेल तर त्या बर्नरच्या तारेत, बटणामागच्या स्विचमध्ये किंवा ठिणगीच्या कांडीत. हा एक भेद पाळला तरी मॉड्यूलची अनावश्यक खरेदी टळते, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त विनाकारण बदलला जाणारा भाग हाच आहे.

ठिणगीची कांडी पांढऱ्या सिरॅमिकच्या आवरणात बसवलेली असते. त्या आवरणाला केसाएवढी चीर गेली किंवा त्यावर चिकट काजळीचा थर बसला की ठिणगी टोकावरून बर्नरवर उडण्याऐवजी मधल्या मधेच शेगडीच्या पत्र्याकडे उतरते. खोलीत अंधार करून, गॅसचा पुरवठा मागून बंद ठेवून, बटण फिरवून पाहिले की ठिणगी कुठे पडते ते स्वच्छ दिसते. टोक आणि बर्नर यांच्यात साधारण तीन ते पाच मिलिमीटर अंतर असावे. ते फार वाढले तर ठिणगी उडत नाही, फार कमी झाले तर ती इतकी क्षीण असते की गॅस पेट घेत नाही. कांडी साफ करताना कोरडे कापड किंवा जुना मऊ ब्रश पुरेसा होतो.

ठिणगी दिसते, गॅसचा फुसफुसाट ऐकू येतो, तरीही बर्नर पेटत नाही किंवा उशिरा "भप्" करून पेटतो, या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण अगदी क्षुल्लक असते: बर्नरची टोपी धुतल्यानंतर आपल्या खाचेत बसलेली नसते. टोपी किंचित तिरकी असली तरी मिश्रण एका बाजूने जास्त आणि ठिणगीच्या बाजूने कमी बाहेर पडते. टोपी बोटांनी हलकेच फिरवून, ती डुगडुगत नाही ना हे पाहून बसवावी. त्यानंतर ठिणगीसमोरचे छिद्र पाहावे. उतू गेलेले पदार्थ नेमके तिथे साचून कडक होतात आणि बाकी सर्व छिद्रे मोकळी असतानाही बर्नर पेटत नाही. छिद्र उघडण्यासाठी पातळ तार किंवा सुई वापरावी. लाकडी काडी वापरू नये, कारण तिचे टोक आत मोडते आणि मूळच्या कचऱ्यापेक्षा ते काढणे अवघड होऊन बसते. बर्नर अनेक सेकंद पेटला नाही तर कॉक बंद करून जमलेला गॅस विरेपर्यंत थांबावे आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

याच्या उलट तक्रार म्हणजे बर्नर पेटला तरी, कधी कधी तर बटण बंद केल्यावरही, टिकटिक थांबत नाही. याचे कारण बहुधा पाणी असते. पुसताना किंवा उतू गेल्यावर ओल बटणाच्या मागच्या स्विचपर्यंत पोहोचते आणि स्विच जोडलेलाच राहतो. बटणे ओढून काढावीत, आतला भाग कोरडा करावा, शेगडीचा प्लग काढून ती काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तशीच ठेवावी. इथे गरम हवा मारण्याची घाई करू नये. प्लॅस्टिकचे भाग वाकतात. काही शेगड्यांतील मॉड्यूल ज्योतीतून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह ओळखून ठिणगी थांबवते. अशा शेगडीत बर्नर व्यवस्थित पेटलेला असूनही टिकटिक चालू राहिली, तर बर्नर मळलेला आहे, टोपी नीट बसलेली नाही किंवा विजेच्या जोडणीत अर्थिंग नाही अथवा तारा उलटसुलट आहेत, अशी शंका घ्यावी. शेवटच्या दोन गोष्टी वीजतंत्रज्ञाकडूनच पाहून घ्याव्यात.

बर्नर पेटतो, बटण दाबून धरले तोवर छान चालतो आणि हात काढताच विझतो, ही तक्रार ऐकल्याबरोबर थर्मोकपलकडे पाहावे. दोन वेगळ्या धातूंच्या जोडाला उष्णता दिली की विद्युतदाब निर्माण होतो हे योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. ज्योतीजवळ उभी असलेली ती छोटी दांडी तापल्यावर साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट देते आणि तेवढ्याच बळावर एक विद्युतचुंबक गॅसची सुरक्षा झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की दांडी निवते, चुंबक सुटतो आणि गॅस थांबतो. बॅटरी नाही, सर्किट नाही, तरीही ही रचना वर्षानुवर्षे चालते. मला शेगडीतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. दांडी तापायला काही सेकंद लागतात, म्हणून पेटल्यानंतर बटण पाच ते दहा सेकंद पूर्ण दाबून धरावे. तरीही ज्योत टिकत नसेल तर दांडीच्या टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावी आणि टोक ज्योतीच्या आत येते आहे की नाही ते पाहावे, कारण साफसफाईच्या धक्क्याने ती अनेकदा बाजूला वाकलेली असते. तिची झडपेकडची जोडणी सैल होणे हेही नेहमीचे कारण आहे. यांपैकी काहीच नसेल तर थर्मोकपल बदलावे लागते. ते टाळण्यासाठी बटण अडकवून कायमचे दाबलेले ठेवण्याची किंवा सुरक्षा झडप निकामी करून घेण्याची युक्ती कोणी सुचवली, तर त्या माणसाला शेगडीला हात लावू देऊ नये.

शेगडी पेटून चालू आहे, पण आच बरोबर नाही, हा सर्वांत बोलका टप्पा आहे, कारण इथे ज्योत स्वतःच बरेच सांगते. चांगली ज्योत निळी असते, तिच्या बुडाशी प्रत्येक छिद्रावर टोकदार, ठळक निळा शंकू दिसतो आणि ती बर्नरला धरून स्थिर राहते. ज्योत लांब, मऊ, पिवळी झाली आणि भांड्यांची बुडे काळी पडू लागली, तर तिला हवा पुरत नाही. तो पिवळेपणा न जळलेल्या कार्बनच्या तप्त कणांचा असतो आणि तेच कण थंड होऊन भांड्यावर काजळी म्हणून बसतात. कारणे शोधताना मिश्रणाच्या नळीपासून सुरुवात करावी. तिच्या तोंडाशी धूळ, तेलकट किटण, कधी कोळ्याचे जाळे असते; बराच काळ न वापरलेल्या शेगडीत जाळ्याची शक्यता विशेष धरावी. नळी ब्रशने साफ करावी. काही शेगड्यांत नळीच्या तोंडाशी हवेचे प्रमाण कमी-जास्त करणारी पट्टी असते. ती थोडी उघडली की पिवळेपणा जातो. सिलिंडरच्या गॅसवर ज्योतीच्या टोकांना किंचित पिवळी छटा असणे चालते, मात्र भांडे काळे होता कामा नये.

पिवळी आणि नारिंगी या दोन छटांत गल्लत होते. निळ्याच ज्योतीत मधूनमधून नारिंगी ठिपके किंवा झाक उठत असेल, तर हवेतील धूळ, मिठाचे कण किंवा जवळ चालू असलेल्या आर्द्रता वाढवणाऱ्या यंत्रातून उडणारे पाण्यातले क्षार जळत असतात. त्यासाठी शेगडी उघडण्याचे कारण नाही. यंत्र बंद करून थोड्या वेळाने पाहिले की उत्तर मिळते.

ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगत असेल आणि घरघरणारा आवाज येत असेल, तर मिश्रणाचा वेग ज्योतीच्या जळण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला आहे: हवा जास्त आहे किंवा गॅसचा दाब जास्त आहे. एकाच बर्नरला असे होत असेल तर हवेची पट्टी थोडी बंद करावी. सगळ्या बर्नरांना एकदम होत असेल तर रेग्युलेटरचा संशय घ्यावा आणि शेगडी वापरणे थांबवावे. उलट, मिश्रणाचा वेग फार कमी झाला तर ज्योत छिद्रातून मागे सरकते आणि नळीच्या आत जेटपाशी जळू लागते. तेव्हा बर्नरवर ज्योत दिसत नाही, पण खालून फुरफुर आवाज येतो आणि बटणे तापतात. ताबडतोब कॉक बंद करावा. बर्नर झिजून छिद्रे मोठी होणे, टोपी चुकीची बसणे किंवा जेट अर्धवट तुंबणे यांमुळे हे घडते. शेगडी बंद करताना येणारा हलका "टप्" आवाज हा याच प्रकारचा, पण क्षणिक असतो आणि नेहमी येत असेल तर त्यात काळजीचे काही नाही.

आच सर्वच बर्नरांवर बारीक झाली आहे की एकावरच, हा पुढचा भेद. एकावरच असेल तर जेट तुंबलेला आहे. पितळ मऊ असल्याने जेटमध्ये सुई, टाचणी किंवा ड्रिल घालून छिद्र "मोकळे" करणे हे मला शेगडीच्या दुरुस्तीतले सर्वांत घातक काम वाटते. छिद्र किंचित मोठे झाले तरी गॅस वाढतो, हवा अपुरी पडते आणि त्या बर्नरची ज्योत पुढे कायमची पिवळी राहते. जेट काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावा, फुंकून किंवा दाबाच्या हवेने साफ करावा, नाहीतर नवा घालावा. जेट गॅसच्या प्रकाराप्रमाणे वेगळे असतात. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात नैसर्गिक गॅसच्या सुमारे अडीचपट उष्णता असते आणि तो अधिक दाबाने येतो, म्हणून त्याचे जेट बारीक छिद्राचे असतात. घर बदलल्यावर किंवा जोडणी बदलल्यावर सगळेच बर्नर एकदम भडकू लागले अथवा एकदम मलूल झाले, तर जेट त्या गॅसचे नाहीत हेच पहिले अनुमान करावे. रूपांतरात जेटबरोबर रेग्युलेटर, मंद आचेचे स्क्रू आणि हवेच्या पट्ट्याही जुळवाव्या लागतात, त्यामुळे ते अधिकृत तंत्रज्ञाचेच काम आहे.

सर्व बर्नरांवर आच बारीक असेल तर दोष शेगडीच्या मागे आहे. नळी चिमटली आहे का, मुख्य झडप पूर्ण उघडी आहे का, सिलिंडर संपत आला आहे का हे पाहावे. थंडीत सिलिंडर भरलेला असूनही आच मंदावते, कारण ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे आणि गारठ्यात त्याचे बाष्प फारसे बनत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो. शिवाय द्रवाचे बाष्प होताना सिलिंडर स्वतःच गार पडत जातो, म्हणून अनेक बर्नर बराच वेळ मोठ्या आचेवर चालले की आच हळूहळू उतरते. सिलिंडरला ज्योतीने किंवा उकळत्या पाण्याने तापवू नये. काही जोडण्यांमध्ये गॅसचा प्रवाह अचानक वाढला की आपोआप अडवणारी झडप असते; मुख्य झडप झटक्यात उघडल्यास ती गळती समजून अडकते. तेव्हा सर्व कॉक बंद करून, थोडे थांबून, मुख्य झडप सावकाश उघडावी.

मोठ्या आचेवर ठीक आणि मंद करताच विझणारा बर्नर हा मंद आचेच्या स्क्रूचा प्रश्न आहे. हा बारीक स्क्रू अनेकदा बटण काढल्यावर कॉकच्या दांड्यात किंवा बाजूला दिसतो. तो पाव फेऱ्याहून कमी इतकाच फिरवून ज्योत पाहावी. आधी मात्र खिडकीतला वारा आणि पंखा ही साधी कारणे वगळावीत. कॉक जड फिरू लागला असेल तर आतले ग्रीस सुकलेले असते. तिथे तेल सोडू नये, कारण तेल मूळ ग्रीस धुऊन काढते आणि कॉकमधूनच गळती सुरू होऊ शकते. बटण नुसतेच गरगर फिरत असेल तर फक्त प्लॅस्टिकची खोबण झिजलेली असते.

ओव्हनचे शास्त्र थोडे निराळे आहे आणि तिथली चुकीची निदानेही अधिक महागडी. वीजजोडणी असलेल्या अनेक ओव्हनांत ठिणगी नसते; सिलिकॉन कार्बाइडची एक कांडी विजेने लालबुंद होते. ती आणि गॅसची सुरक्षा झडप एकाच मालिकेत जोडलेल्या असतात. कांडी पुरेशी तापली की तिचा रोध उतरतो, प्रवाह वाढतो आणि त्या वाढलेल्या प्रवाहानेच झडपेतली द्विधातू पट्टी वाकून गॅस सोडते. चपट्या प्रकारच्या कांडीसाठी हा प्रवाह साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर असतो. कांडी जुनी झाली की लाल तर होते, पण प्रवाह कमी पडतो आणि झडप उघडत नाही किंवा दोन-तीन मिनिटांनी उघडते. "कांडी पेटते म्हणजे ती चांगली आहे, झडप गेली" असा निष्कर्ष काढून झडप बदलणारे पुष्कळ आहेत; जवळपास नेहमीच दोषी कांडीच असते. साधारण दीड मिनिटाच्या आत बर्नर पेटला नाही आणि कांडी नुसतीच तांबूस दिसत राहिली, तर तिचाच प्रवाह मोजून घ्यावा. नवी कांडी ठिसूळ असते. तिच्या काळ्या भागाला बोट लावू नये.

ओव्हनचे तापमान चुकते ही तक्रार पडताळण्यासाठी स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून, ओव्हन अर्धा तास तापू देऊन, काही वेळच्या अंतराने अनेक नोंदी घ्याव्यात आणि त्यांची सरासरी काढावी. बर्नर सतत चालू-बंद होत असल्याने तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली होत राहते आणि हा काही दोष नाही. सरासरीच सातत्याने जास्त किंवा कमी असेल तर अनेक ओव्हनांत बटणाच्या मागे अथवा मेनूमध्ये ती दुरुस्त करण्याची सोय असते. संवेदकाची दांडी आतल्या भिंतीला टेकलेली नाही आणि दाराची जाळीदार पट्टी दबलेली किंवा फाटलेली नाही, हेही पाहावे. ओव्हनच्या तळाला सांडलवंड टाळण्यासाठी अॅल्युमिनियमचा कागद अंथरण्याची सवय मात्र सोडावी. तळाच्या फटी हवा खेळण्यासाठी असतात. त्या झाकल्या की एकीकडचा भाग करपतो, दुसरीकडचा कच्चा राहतो आणि ज्वलनही अपुरे होते.

अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि म्हणूनच पिवळी ज्योत हा केवळ भांड्यांच्या काळेपणाचा प्रश्न राहत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शेगडी चालू असताना घरातल्या एकाहून अधिक माणसांना डोकेदुखी, मळमळ, भोवळ जाणवू लागली आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर शेगडी बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. गॅसगळतीचे उपकरण हा वायू ओळखेलच असे नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. ओव्हनचे दार उघडे टाकून खोली तापवणे, एकाच मोठ्या भांड्याने किंवा तव्याने दोन-तीन बर्नर पूर्ण झाकून टाकणे आणि धूर ओढणारा पंखा बंद ठेवून बंदिस्त खोलीत तासन्‌तास मोठी आच चालवणे, या तिन्ही गोष्टींत चांगल्या शेगडीतूनही हा वायू वाढतो.

घरी करण्याजोगे काम कुठे संपते याची माझी रेघ सरळ आहे. टोपी, छिद्रे, मिश्रणाची नळी, ठिणगीची कांडी, बॅटरी, बटणे आणि फेसाची तपासणी हे आपले काम. ज्या सांध्यातून गॅस दाबाखाली वाहतो असा कोणताही सांधा, रेग्युलेटर, कॉकचे पोट, सुरक्षा झडप आणि ओव्हनची झडप हे तंत्रज्ञाचे. त्याला फोन करताना "शेगडी चालत नाही" एवढेच सांगू नये. शेगडीच्या मागच्या किंवा ओव्हनच्या दाराआडच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, गॅसचा प्रकार, बिघाड एका बर्नरचा की सर्वांचा, आणि तो कोणत्या क्षणी होतो, हे सांगितले तर तो योग्य भाग बरोबर घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते. ज्योत चुकीची असेल तर फोनवर तिचे चित्रण करून ठेवावे, कारण तो पोहोचेपर्यंत ती शहाण्यासारखी जळू लागते असा अनेकांचा अनुभव आहे. काम झाल्यावर त्याने उघडलेल्या प्रत्येक सांध्यावर त्याच्यासमोरच साबणाचा फेस लावून घ्यावा आणि सगळे बर्नर मोठ्या व मंद आचेवर एकदा पेटवून पाहूनच त्याला निरोप द्यावा.